घरी राहून, श्रद्धेच्या आधारानं व्यसनमुक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका पेठेत विठ्ठलाच्या देवळामागच्या खोलीत आम्ही आठवड्यातून तीन संध्याकाळी बसतो. दोन समुपदेशक, शनिवारी येणारे मनोविकारतज्ज्ञ आणि स्वतः दारूतून बाहेर पडलेले तीन-चार जुने मित्र, एवढाच आमचा पसारा. लोक चपला काढता काढता जे विचारतात, तेच इथे लिहिलं आहे.

राहायला यावं लागतं का?

नाही. दवाखान्याच्या ओपीडीला जावं तसं यायचं आणि घरी परतायचं. रिक्षा, दुकान, नोकरी सगळं चालू ठेवून. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा: एकदा एकट्याची भेट, पाऊण तासाची, आणि एकदा गटाची बैठक. पुढे वर्षभर आठवड्यातून एकदा. वर्षभर म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. पण वीस वर्षं प्यायलेल्या माणसाला एक वर्ष काही जास्त नाही.

सगळ्यांनाच घरी राहून हे जमत नाही, हेही आधीच सांगतो. ज्याला पूर्वी दारू थांबवल्यावर फिट आली आहे, भास झाले आहेत, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, किंवा ज्याच्या घरात दुसरंही कुणी रोज पितं, त्यानं आधी दाखल व्हावं. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. तिथून बाहेर पडल्यावर घराजवळचं ठिकाण हवं, म्हणून आमच्याकडे येणारेही पुष्कळ आहेत.

भजनानं दारू सुटते का?

भजनानं यकृत बरं होत नाही. संध्याकाळ मात्र निभते, आणि पिणाऱ्याची लढाई बहुतेक वेळा संध्याकाळचीच असते.

तुम्हीच आठवून पाहा. सकाळी दहाला कुणी बेचैन नसतं (ज्याला सकाळीच लागते त्याची गोष्ट वेगळी, ती पुढे येते). सात वाजतात, घराघरांत दिवेलागण होते, आणि त्याच वेळी बारच्या पाट्याही उजळतात. कामावरून सुटलेला माणूस या दोन दिव्यांच्या मधे उभा असतो. तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तो अर्धा तास काढायचा कसा, एवढाच प्रश्न. माउलींचा हरिपाठ सत्तावीस-अठ्ठावीस अभंगांचा आहे. घाई न करता म्हटला तर जवळपास तेवढाच वेळ जातो. हात टाळात गुंतलेले, तोंड अभंगात, खांद्याला खांदा लावून दुसरा माणूस बसलेला, आणि मोबाइल बाहेरच्या कोनाड्यात. यात चमत्कार काही नाही.

भजनाआधी एकट्याच्या भेटीत जे चालतं, ते मात्र रुक्ष काम असतं. वही काढायची आणि लिहायचं: शेवटची दहा वेळा कुठे प्यायलो, कुणाबरोबर, त्याआधी काय झालं होतं, खिशात किती पैसे होते. मंडईजवळ माल उतरवणाऱ्या एका गृहस्थांच्या वहीत दहापैकी सात वेळा एकच गोष्ट निघाली: दुपारचं जेवण चुकलं होतं. त्यांना आम्ही अभंग सांगितला नाही, डबा सांगितला. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टी वहीत पुन्हा पुन्हा सापडतात.

आपल्याकडे देवाशी बोलायच्या दोन रीती आहेत, नवस आणि नेम. “दारू सुटली तर पाच नारळ वाहीन” हा नवस. त्यात सगळं काम देवाचं. “आज सातला येईन आणि टाळ घेऊन बसेन” हा नेम, तो आपल्या हातातला. आम्ही नवसाला हसत नाही, पण बांधतो नेमावर.

मी देव मानत नाही. मग माझं काय काम?

या. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावात सुरू झालं, तेव्हाही हा प्रश्न होता. म्हणून त्यांच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमातल्या तिसऱ्या पायरीत ‘आम्हांला उमगेल तसा परमेश्वर’ असं म्हटलं आहे. आमच्या गटातले एक निवृत्त शिक्षक पक्के नास्तिक. हरिपाठ सुरू झाला की ते पायरीवर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात आणि गटाच्या बैठकीला आत येतात. त्यांचा नेम कोड्याचा. चार वर्षं झाली, कुणी त्यांना टाळ धरायला सांगितलेला नाही.

कोक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासून पाहणारी आंतरराष्ट्रीय संस्था. २०२० मध्ये आलेल्या तिच्या समीक्षेत, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस आणि तिथवर नेणारे बारा पायऱ्यांचे पद्धतशीर उपचार दारूपासून सलग दूर राहण्यासाठी इतर मान्य मानसोपचारांइतकेच, काही बाबतींत जास्तच, उपयोगी ठरल्याचं दिसलं. तो अभ्यास टाळ-मृदंगाचा नव्हता, हे सांगायला हवं. पण ठरल्या वेळी ठरल्या माणसांना भेटणं आणि खरं बोलणं दोन्हीकडे आहे.

आम्ही मुसलमान आहोत. किंवा ख्रिस्ती, किंवा बौद्ध.

खोली देवळामागची आहे, गट कुणा एका देवाचा नाही. बौद्ध मित्रांना आम्ही काय वेगळं सांगणार? पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचंच आहे, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेतल्या बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. घरी सकाळी वंदना म्हणा, तोच नेम. रमजानमध्ये रोजे धरणारे एक भाई महिनाभर थेंबही घेत नाहीत, ईदनंतरचा आठवडा त्यांना जड जातो. त्या आठवड्यात आम्ही त्यांना रोज फोन करतो. ज्यांना देवळाच्या आवारात येणं अवघड वाटतं, त्यांनी सांगावं. जवळच्या शाळेत एक वर्ग मिळतो, तिथे बसतो. शहरात अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकाही भरतात.

श्रावणात मी थेंब घेत नाही. मग मी व्यसनी कसा?

पुण्यात हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणारा तो जिंकल्याच्या सुरात विचारतो.

गटारी झाली की श्रावण. काही जण त्यापुढेही, गणपती उठेपर्यंत म्हणजे अनंत चतुर्दशीपर्यंत, दीड महिना पाळतात. या माणसांत निग्रह आहे, हे आम्ही मानतो आणि तोंडावर सांगतोही. पण मग तीन गोष्टी विचारतो. श्रावणाच्या पहिल्या चार दिवसांत झोप कशी होती? महिना संपायला किती दिवस उरले, हे न बघता सांगता येत होतं का? आणि पुन्हा सुरू केली तेव्हा पहिल्या दिवशी किती झाली? तिसऱ्या प्रश्नाला बायको उत्तर देते आणि नवरा छताकडे बघतो.

व्यसन म्हणजे रोज पिणं नव्हे. ठरवलं त्यापेक्षा जास्त होणं, तेवढ्याच नशेसाठी प्रमाण वाढत जाणं, थांबवल्यावर शरीरानं कुरकुर करणं, नुकसान दिसत असूनही सुरू राहणं, डोक्यात सतत तोच हिशेब असणं ही त्याची लक्षणं. ड्राय डेच्या आदल्या दिवशी कपाटात दोन क्वार्टर आणून ठेवणारा माणूस त्या दिवशी बाहेर कुठे प्यायला नसेलही, पण त्याचा अख्खा दिवस त्या कपाटापाशीच असतो.

दुसरी एक गोष्ट धोक्याची आहे. गटारीला भरपूर घ्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम शून्य, हे रोज पिणाऱ्याच्या शरीराला झेपेलच असं नाही. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात फिट येऊन दवाखान्यात पोचलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. उपवासाचा अशक्तपणा असेल, असं घरच्यांना वाटलेलं असतं.

श्रावण पाळणाऱ्याला आम्ही पाळू नका म्हणत नाही. शेवटच्या सोमवारी मात्र आमच्याकडे या म्हणतो.

एकदम बंद केली तर काय होतं?

कधीमधी घेणाऱ्याला फारसं काही होत नाही. रोज, आणि विशेषतः सकाळी उठल्यावर घ्यावीच लागणाऱ्या माणसानं डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. श्रद्धा कितीही असो, इथे औषध आधी.

शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, मेलेला बाप हाक मारतो, वेळ-काळ कळेनासा होतो, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो. वेळेवर डॉक्टर मिळाले तर हे सगळं आवरता येतं. ठरावीक दिवसांपुरत्या आणि कमी कमी करत नेलेल्या गोळ्या असतात, बी१ जीवनसत्त्व असतं. त्या गोळ्यांचीही सवय लागते, म्हणून त्या स्वतःच्या मनानं मेडिकलमधून आणायच्या नाहीत.

आम्ही पहिल्या भेटीत चहाचा कप अर्धाच भरतो. भरलेला कप हातात थरथरून बशीत सांडतो, आणि बायको-पोरांसमोर ते सांडणं माणसाला फार लागतं. कुणी दोन्ही हातांनी कप धरला, किंवा तोंडच कपाकडे नेलं, की शनिवारची वाट न बघता डॉक्टरांना फोन जातो.

दारू सोडल्यावर हे काहीतरी बघून घाबरायला लागले. कुणी करणी केली असेल का?

वरचं उत्तर पुन्हा वाचा. तिसऱ्या दिवशीचे भास म्हणजे थांबलेल्या दारूचा मेंदूवर झालेला परिणाम. त्या अवस्थेत माणसाला देवऋषीकडे नेलं, तर जीव वाचवायचे तास रस्त्यात जातात. थेट दवाखान्यात न्या. अंगारा लावायचाच असेल तर रिक्षात लावा, पण रिक्षा दवाखान्याकडेच जाऊ द्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक त्रासालाही लागू आहे, आणि त्या कायद्याप्रमाणे रुग्णाला साखळीनं बांधता येत नाही. ‘व्यसनमुक्ती’ अशी पाटी लावलेल्या एखाद्या ठिकाणी असं दिसलं, तर आपला माणूस तिथून काढून आणा.

माळ घातली की सुटते ना?

तुळशीची माळ घातली की मांस-मद्य वर्ज्य, ही वारकऱ्यांची रीत. आळंदी-देहू आपल्या दाराशी. आषाढी वारीला निघालेली माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला येते. त्या दोन दिवसांत अनेकांना वाटतं, आता माळ घालावी आणि सुटावं. काहींची सुटते, खरोखर सुटते. कारण माळ एकटी येत नाही. तिच्यामागून फड, म्हणजे वारकऱ्यांचा गट, येतो, एकादशी येते, वारी येते, आणि “काय माउली, दिसला नाहीत?” असं विचारणारी माणसं येतात.

ज्यांची माळ एकटी आली, त्यांची गोष्ट अवघड होते. हडपसरकडचे एक काका प्यायला जाण्याआधी माळ काढून खुंटीला लावायचे. देवाचा अपमान नको म्हणून. माळ खुंटीला दिसली की नातवंडांना कळायचं, आज आजोबांच्या जवळ जायचं नाही. काका आमच्याकडे आले ते दारूपेक्षा त्या अपराधी भावनेनं वाकलेले होते. मी माळकरी म्हणून नालायक, ही एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. आणि ते दुखणं विसरायला पुन्हा पीत.

म्हणून घाईनं माळ घालू नका, हे माझं मत. गटात यावर भांडणं होतात. आमच्यातलेच एक माळकरी मित्र म्हणतात, घालू दे, विठोबा बघून घेईल. माझं म्हणणं असं की आधी सहा महिने कोरडे काढा, मग फडावर जा. आणि मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ तर कधीच घेऊ नका. शपथ मोडली की बापाला एक ओझं होतं, पोराला दुसरं. पुढे त्या पोराला ताप जरी आला, तरी घरात सगळे बापाकडे बघतात.

यांना न कळत चहातून देता येईल असं औषध आहे का?

भिंतींवरच्या जाहिराती वाचून हे विचारलं जातं, आणि विचारणाऱ्या बाईचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. तरीही उत्तर नाही असंच आहे.

अशा पुड्यांत काय असतं, ते पुडी देणारा सांगत नाही. डायसल्फिराम नावाची खरी गोळी आहे. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीवही जातो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. ज्याला माहीत आहे तो त्या भीतीनं पीत नाही, म्हणून ती उपयोगी पडते. ज्याला माहीतच नाही तो पिणार, आणि तुमच्या हातून काही भलतंच होऊन बसेल. माणसानं स्वतः मान्य करून, तपासण्या करून, बायकोच्या हातून रोज सकाळी देवपूजेनंतर ती घेतली, असे आमच्याकडे बरेच आहेत. त्यांचा तोच नेम. तलफ कमी करणारी दुसरीही औषधं आहेत, नाल्ट्रेक्झोन, अॅकाम्प्रोसेट. कुणाला कोणतं, ते डॉक्टर ठरवतात.

डायसल्फिराम चालू आहे. दशमूलारिष्ट घेतलं तर चालेल?

नाही. आसव आणि अरिष्ट आंबवून केलेली असतात, त्यांत अल्कोहोल तयार होतं. कुमारी आसव, द्राक्षासव, सगळंच आलं. खोकल्याच्या काही बाटल्या आणि होमिओपॅथीचे थेंबही विचारूनच घ्या. गोळी चालू नसली तरी आसव टाळा, कारण चव आठवण करून देते.

ते यायला तयारच नाहीत. मी एकटी आले तर?

जरूर या. आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्यांत बायका आणि आयाच जास्त. मंगळवारी त्यांचा वेगळा गट असतो.

तिथे आम्ही नवऱ्याला कसं सुधारायचं ते शिकवत नाही, याचा सुरुवातीला राग येतो. आम्ही विचारतो: त्यांच्या साहेबांना “ताप आलाय” असा फोन कोण करतं? वाण्याची उधारी कोण भागवतं? रात्री उलटी कोण पुसतं? हे सगळं प्रेमानंच होतं, पण त्यामुळे दारूचं बिल दारू पिणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. एक ताई साहेबांना फोन करायचं थांबल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांचे मिस्टर स्वतः दारात उभे. मेमो मिळाला होता.

उपास आणि व्रतं वाढवत नेणाऱ्या बायकांबद्दल मात्र काळजी वाटते. सोळा सोमवार झाले, संकष्टी झाली, आता गुरुवारही. नवरा पितो आणि ही जेवत नाही. सांगावंसं वाटतं, वहिनी, आधी जेवा.

मारहाण होत असेल तर समुपदेशनाची वाट बघू नका. ११२ वर फोन करा आणि मुलांना घेऊन माहेरी किंवा शेजारी जा. माणूस आजारी आहे, म्हणून मार खायचा नसतो.

आठ महिने घेतली नव्हती. परवा लग्नात घेतली. आता सगळं संपलं का?

याला आमच्याकडे स्लिप म्हणतात. आठ महिने पुसले जात नाहीत. पण “आता मोडलंच आहे तर आजची रात्र होऊन जाऊ दे” हा विचार फार वाईट, कारण खरं नुकसान दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी होतं. गर्द किंवा ब्राउन शुगर (हेरॉइन) घेणाऱ्यांसाठी तर जास्तच धोका: शरीराची सवय गेलेली असते, आणि जुन्या मापानं घेतलं तर श्वास थांबू शकतो.

वरातीत घोड्यापुढे नाचायचं नाही, जेवणाच्या पंगतीला जायचं आणि आहेर देऊन निघायचं, असं आधी ठरवून जा. कोण आग्रह करणार आहे तेही माहीत असतंच. बहुतेक वेळा मेव्हणा.

कुणाला कळेल का?

तुम्ही काय बोललात ते आम्ही घरच्यांनाही तुमच्या संमतीशिवाय सांगत नाही. कायदाही तेच म्हणतो. मुख्य अपवाद, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. पेठेत मात्र कोण कुठे शिरलं, हे समोरच्या गॅलरीतून दिसतं, त्याला आमचा इलाज नाही. देवळाचा एक फायदा आहे: दर्शनाला गेलो होतो, असं सांगता येतं.

पैसे किती?

खोलीत बसण्याचे काही नाही. डॉक्टरांची औषधं लिहून मिळतात, ती बाहेरून घ्यावी लागतात. ज्यांना तेही जड आहे त्यांना ससूनची वाट दाखवतो. पेटीत टाकायचे असतील तर टाका, पण दारू सुटली म्हणून एकदम मोठी रक्कम आणू नका. ती घरात द्या, उधारी बरीच असते.

बाई पीत असेल तर?

येतात, आणि पुरुषांपेक्षा उशिरा येतात, कारण घर लपवून ठेवतं. त्यांची भेट बाई समुपदेशकच घेतात, वेळही वेगळी, दुपारची.

तंबाखू, मिश्री, ऑनलाइन रमी?

चालेल, या. रमीवाल्यांनी येताना बँकेचं स्टेटमेंट आणावं. तोंडी आकडा आणि कागदावरचा आकडा यांत अंतर पडतं.

रात्री-अपरात्री अडचण आली तर?

टेलिमानस, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र चालू. व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. फिट, भास, बेशुद्धी असेल तर फोनवर बोलत बसू नका, १०८ ला गाडी मागवा.

पिऊन आलं तर चालेल का?

या. त्या दिवशी समुपदेशन होत नाही, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही म्हणून. बसायला सतरंजी मिळेल, चहा मिळेल, भजन ऐकता येईल. फक्त वाद घालायचा नाही आणि मृदंगाला हात लावायचा नाही. घरी सोडायला कुणीतरी बरोबर येतं. दुचाकीची किल्ली आम्ही काढून घेतो, ती दारामागच्या खिळ्याला अडकवलेली असते. सकाळी नऊनंतर पुजारीबुवांकडून मागून घ्यायची.